मालमोटारीच्या पाट्यांना हवापिशवीची जोड

भार चढला की मालमोटारीचा मागचा भाग बसतो आणि नाक वर उचलले जाते. दिव्यांचा झोत रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडू लागतो, सुकाणू हलके वाटते, आणि एखाद्या खड्ड्यात आस थेट रबरी ठोकळ्यावर आदळतो. अमेरिकेत जेथे पिकअप ही घरगुती गाडीही असते आणि तिच्या मागे सहलीचा ट्रेलर जोडण्याची प्रथा आहे, तेथे या दुखण्यावर एक सुटसुटीत उपाय रूढ झालेला आहे. मूळ पाटे तसेच ठेवून आस आणि सांगाडा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक रबरी हवापिशवी बसवावयाची आणि भाराप्रमाणे तीत हवा भरावयाची. गाडी पुन्हा सपाट उभी राहते. ती सपाट उभी राहिली म्हणजे नेमके काय सुधारले आणि काय होते तसेच राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कारण या उपायासंबंधीचे बहुतेक गैरसमज या एका ठिकाणी उत्पन्न होतात.

प्रथम पाट्यांविषयी थोडे. पोलादी पट्ट्या एकीवर एक रचून केलेली ही कमान दिसावयास ओबडधोबड असली तरी तिच्याइतकी अनेक कामे एकटी करणारी वस्तू गाडीत क्वचितच दुसरी असेल. ती भार पेलते. आसाला पुढेमागे आणि आडवे सरकू देत नाही. ब्रेक लावताना आस स्वतःभोवती फिरू पाहतो त्यालाही आवरते. आणि पाटे एकमेकांवर घासले जात असल्यामुळे हेलकावे काही अंशी शमवते. मुख्य पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून ती सांगाड्याला पक्की जोडलेली असते, मागचा डोळा शॅकलला टांगलेला असतो, आणि मध्यभागी यू-बोल्टांनी आस आवळलेला असतो. सांगाड्याला भार पोचतो तो या दोन टोकांतून, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पाट्यांचा मुख्य दोष असा की त्यांची ताठरता जवळपास ठरलेली असते. रिकाम्या गाडीस सुखकर होतील इतके मऊ पाटे घातले तर भरलेली गाडी बसते. भरलेल्या गाडीस पुरतील इतके ताठ घातले तर रिकामी गाडी उडते. आपल्याकडील गॅरेजांतून यावर एकच तोडगा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे : एक पाटा वाढवावयाचा. मोठ्या मालमोटारींचे कारखाने तर मुख्य कमानीवर दुसरी आखूड कमान, म्हणजे ‘हेल्पर’, मूळचीच बसवून देतात. भार एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजेच ती आपल्या टेकूंना टेकते आणि कामाला लागते. ही योजना शहाणपणाची आहे. केवळ पाटा वाढविण्यात मात्र रिकाम्या फेरीची शिक्षा कायमचीच पदरी पडते. हवापिशवीचे आकर्षण येथेच आहे, कारण तिची ताठरता वाटेल तेव्हा वाढविता किंवा कमी करता येते.

संपूर्ण हवाई निलंबन आणि ही साहाय्यक हवापिशवी यांची गल्लत करू नये. (निलंबन हा शब्द वाचून कचेरीतील वाचकांच्या अंगावर काटा येईल, पण येथे तो चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या योजनेचा वाचक आहे.) ज्या व्होल्वो गाड्यांमुळे आपल्या राज्यातील शिवनेरी बससेवा नावारूपाला आली, त्यांत पाटे नव्हतेच, सारा भार हवेच्या फुग्यांवर, आस जागेवर राखण्यास निराळे दांडे, आणि उंची आपोआप सांभाळणारी झडप अशी त्यांची रचना. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५३ साली हवाई निलंबनाच्या बसगाड्या बाजारात आणल्या, तेव्हापासून बसगाड्यांत ही पद्धत स्थिरावली. साहाय्यक पिशवी तिच्याच कुळातली, परंतु तिचे काम मर्यादित. मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे १९४९ साली स्थापन झालेल्या एअर लिफ्ट कंपनीचा पहिला व्यवसाय मोटारीच्या वेटोळी स्प्रिंगच्या पोटात बसणाऱ्या अशाच पिशव्यांचा होता. पाट्यांच्या गाडीत ही पिशवी आसाच्या वर, बहुधा मूळचा रबरी ठोकळा काढून त्याच जागी बसते.

आता थोडे गणित करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, परंतु मध्यम पिकअपला शोभतील असे आहेत. किलो हे येथे वजनाचे, म्हणजे बलाचे माप समजावे. समजा, मागच्या एका बाजूच्या पाट्यांची ताठरता सेंटिमीटरला ३६ किलो आहे आणि रिकाम्या गाडीत त्या बाजूवर ४०० किलो भार येतो. पाटे सुमारे ११ सेंटिमीटर दबतील, आणि गाडी सेकंदाला सुमारे दीड हेलकावा या गतीने डोलेल. आता त्या बाजूस ३०० किलो भार वाढला. गाडी आणखी सव्वाआठ सेंटिमीटर खाली बसेल आणि हेलकाव्यांची गती सेकंदाला १.१ वर उतरेल. हालचाल संथ झाली हे खरे. परंतु पाट्यांना खाली जाण्यास उरलेली वाट इतकी थोडी की प्रत्येक मोठ्या धक्क्याला ठोकळा लागावा.

या ३०० किलोंपैकी २०० किलो पिशवीवर द्यावयाचे ठरविले. पिशवीचा परिणामी व्यास १३ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १३० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोहून किंचित अधिक दाब लागेल. हवा भरणाऱ्याच्या भाषेत हा दाब २२ पौंड होय. मोटारीच्या टायरमध्ये याहून अधिक असतो. पाट्यांवर १०० किलोच वाढले, म्हणून गाडी सव्वाआठऐवजी पावणेतीन सेंटिमीटर बसेल. पिकअपचे शेपूट रिकामेपणी मुद्दाम थोडे उंच ठेवलेले असते, तेव्हा एवढे बसणे गाडीला सपाट करण्यास पुरेसे होते.

पिशवीची ताठरता काढताना मात्र एक सूक्ष्म गोष्ट दृष्टीआड होण्याचा संभव असतो. दाबमापकाचा काटा वातावरणाच्या वरचा दाब दाखवितो. हवेची स्थितिस्थापकता तिच्या निरपेक्ष दाबावर, म्हणजे वातावरणाचा दाब मिळवून येणाऱ्या बेरजेवर, अवलंबून असते. आपल्या उदाहरणात ती बेरीज सुमारे २.६ होते. पिशवीची उंची १५ सेंटिमीटर, म्हणजे आत जेमतेम दोन लिटर हवा. त्वरित हेलकाव्यांत हवेची उष्णता बाहेर जाण्यास अवधी मिळत नाही हे लक्षात घेऊन हिशेब केला तर पिशवीची ताठरता सेंटिमीटरला सुमारे ३१ किलो येते, जवळजवळ पाट्यांइतकीच. दोहोंची बेरीज ६७. सातशे किलोंच्या भाराखाली हेलकाव्यांची गती पुन्हा सेकंदाला दीडच्या किंचित वर येते. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे डोलणे अशा रीतीने एकसारखे ठेवता येणे, हा या योजनेचा खरा गुण होय, आणि तो निःसंशय मोठा आहे.

त्याच सूत्रातून दुसरी, कमी सुखद गोष्ट निघते. पिशवी कधीच पूर्ण रिकामी ठेवता येत नाही. रबर सुरकुतून चिमटले जाऊ नये म्हणून उत्पादक निदान ५ पौंड दाब ठेवावयास सांगतात. काट्यावर ५ पौंड म्हणजे काहीच नाही असे वाटेल. परंतु वातावरणाचे साडेचौदा पौंड त्यात मिळालेले असतातच, त्यामुळे पिशवीची ताठरता शून्याजवळ न जाता सेंटिमीटरला चौदाएक किलोंवर राहते. रिकाम्या गाडीचे हेलकावे दीडवरून पावणेदोनच्या आसपास चढतात. पिशव्या बसविल्यावर रिकामी गाडीही पूर्वीपेक्षा कडक चालते अशी तक्रार करणारा चालक भ्रमात नसतो.

हेलकाव्यांची गती पूर्वीसारखी झाली, पण ते शमविण्याचे काय? गॅरेजमध्ये ज्याला ‘शॉकअप’ म्हणतात तो आघातशोषक तर जुनाच आहे. शमनाचे गुणोत्तर ताठरता आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. रिकाम्या गाडीत ते ०.३० असेल, तर केवळ भार वाढल्याने ०.२३ होईल, भारासोबत पिशवीही आली म्हणजे ०.१७ पर्यंत घसरेल. पाट्यांचे घर्षण थोडी भर घालील, तथापि त्यावर विसंबणे इष्ट नाही. युरोपीय समुदायाने १९९२ साली हवाई निलंबनाशी समतुल्य कोणते निलंबन मानावे याची कसोटी ठरविली, तीत हेलकाव्यांची गती सेकंदाला दोनपेक्षा अधिक नको आणि शमन २० टक्क्यांहून अधिक हवे, आणि त्यातील निदान निम्मे द्रवाच्या आघातशोषकातून आले पाहिजे, असे म्हटले आहे. आपली पिकअप पहिल्या अटीत सहज उत्तीर्ण होते आणि दुसरीत नापास होते. हवाई निलंबन रस्त्याला सौम्य असते हा लौकिक संपूर्ण योजनेने, योग्य आघातशोषकांसह, मिळविलेला आहे. तो साहाय्यक पिशवीच्या नावावर जमा करता येत नाही. पिशव्यांबरोबर अधिक समर्थ आघातशोषक बसविणे हा खर्च म्हणूनच अनाठायी नव्हे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. गाडी सपाट झाली म्हणजे भार पूर्ववत् वाटला गेला, अशी समजूत फार प्रचलित आहे. ती चुकीची आहे. उदाहरणातील वाढीव भार कोठून आला ते पाहा. ट्रेलरच्या जोडगोळ्यावर ३०० किलो भार आहे. गोळा मागच्या आसाच्या १३० सेंटिमीटर मागे आहे. दोन आसांतील अंतर ३६० सेंटिमीटर आहे. तरफेच्या नियमाने पुढच्या आसावरून सुमारे १०८ किलो उचलले जातात आणि मागच्या आसावर ३०० ऐवजी ४०८ किलो येतात. उरलेले १९२ किलो हौद्यातील सामानाचे, नेमके आसावर ठेवलेले. आता पिशव्यांत हवा भरली. गोळा वर आला, दिवे खाली वळले, डोळ्यांना समाधान झाले. परंतु तरफेची तिन्ही अंतरे होती तशीच आहेत. पुढच्या चाकांवरून गेलेले १०८ किलो परत आलेले नाहीत. सुकाणूला पकड देणारी आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलणारी चाके पूर्वीइतकीच हलकी आहेत.

ते वजन पुढे परत आणण्याचे साधन निराळे आहे. ट्रेलरच्या दांड्याला साखळ्यांनी ताणून बांधलेल्या दोन पोलादी कांबी गोळ्याच्या जागी गाडीला आणि ट्रेलरला उलट दिशांनी पीळ देतात आणि भाराचा काही भाग पुढच्या आसावर, काही ट्रेलरच्या आसावर ढकलतात. अमेरिकेत या भारवाटप जोडाचा वापर सर्रास आहे. येथे एक फसगत संभवते. कांबी आधी ताणल्या आणि मागाहून पिशव्या फुगविल्या, तर गोळा वर जाऊन कांबी सैल पडतात, आणि पुढे गेलेला भार गुपचूप मागे परततो. गाडी अधिक सपाट दिसते आणि अधिक वाईट चालते. म्हणून पिशव्यांचा दाब आधी ठरवावा, कांबी नंतर ताणाव्या.

सांगाड्यासंबंधी दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. ऑस्ट्रेलियात साडेतीन टनांपर्यंत ट्रेलर आणि गोळ्यावर ३५० किलो भार यांची मुभा असलेल्या दुहेरी केबिनच्या पिकअप फार लोकप्रिय आहेत; दूरच्या कच्च्या रस्त्यांवर त्यांचे सांगाडे वाकल्याची उदाहरणे तेथे वेळोवेळी गाजली, आणि दोष पुष्कळदा पिशव्यांना दिला गेला. यातील तथ्य किती? पाट्यांचा भार सांगाड्याला दोन टोकांतून मिळतो हे वर सांगितलेच. पिशवी आपले २०० किलो त्या टोकांवरून काढून मधल्या एका बिंदूवर देते. दोन टोकांत १४० सेंटिमीटर अंतर धरले, तर आसावरील जागी सांगाड्याच्या प्रत्येक तुळईवरचे वाकविणारे घूर्ण ७,००० किलो-सेंटिमीटरने वाढते. त्या जागेपुरते बोलावयाचे तर हे दर तुळईमागे गोळ्यावर आणखी ५४ किलो टांगण्यासारखे झाले. खड्ड्यातील धक्क्यात तर हवा अचानक दबून हा आकडा अनेक पटींनी चढू शकतो. परंतु पाट्याच्या पुढच्या टेकूच्याही पुढे, केबिनच्या मागे, स्थिर भाराचे घूर्ण पिशवी असो वा नसो, तेवढेच राहते. तेथे वाकलेल्या सांगाड्याचे खापर केवळ पिशवीवर फोडणे न्यायाचे नाही. आसामागे लांबवर लोंबकळणारा भार हा तेथील खरा अपराधी. पिशवीचा अपराध वेगळा आहे : शेपूट खाली बसणे ही चालकास डोळ्यांनी दिसणारी एकमेव सूचना होती, ती तिने पुसून टाकलेली असते.

ब्रेकच्या बाबतीत तर गाडी स्वतःच अशी फसविली जाते. टोयोटा हायलक्ससारख्या अनेक पिकअपांच्या पूर्वीच्या नमुन्यांत मागच्या ब्रेककडे जाणारा दाब एका झडपेने नियंत्रित होत असे. तिचा दांडा आसाला जोडलेला असतो. सांगाडा आणि आस यांतील अंतर कमी झाले की झडप समजते, भार आला. मागच्या ब्रेकना अधिक दाब द्यावा. अंतर मोठे असेल तर गाडी रिकामी समजून ती दाब रोखते, म्हणजे मागची चाके अडकून गाडी घसरत नाही. या गाडीला पिशव्या बसवून शेपूट उचलले की झडपेच्या लेखी गाडी रिकामीच. मागच्या आसावर टनभर भार आणि ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचा. पुढचे ब्रेक तापतात, थांबण्याचे अंतर वाढते, आणि हे सारे घाट उतरताना प्रथम कळते. चाकांची गती मोजून ब्रेकचा दाब वाटणाऱ्या अलीकडील इलेक्ट्रॉनिक योजनेत हा धोका नाही. परंतु जुनी झडप असेल तर तिच्या दांड्याची पुनर्जुळणी केल्याखेरीज पिशव्या बसवू नयेत, इतक्या स्पष्ट शब्दांत हे सांगणे आवश्यक आहे.

पिशव्यांच्या जोडीवर काही हजार पौंडांची क्षमता छापलेली असते. ती गाडी सपाट करण्याची क्षमता होय. आस, बेअरिंगे, टायर, चाकांचे खिळे आणि ब्रेक यांच्या क्षमतेत तिने एका किलोचीही भर पडत नाही. अमेरिकेत दरवाज्याच्या चौकटीवरील पट्टीवर गाडीचे कमाल एकूण वजन दिलेले असते ते तसेच राहते, आणि पिशव्यांचे उत्पादकही आपल्या पुस्तिकेत हेच बजावतात. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने, नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मालकास मनाई आहे. चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली ती २०१८ च्या शासकीय अधिसूचनेने, कोणाच्या पाट्यांनी नव्हे. आणि रस्त्याचा हिशेब तर त्याहून कठोर आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात मालमोटारी सतत चालवून रस्त्यांची झीज मोजली गेली, तीवरून झीज आसभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते असा निष्कर्ष निघाला. भार वीस टक्के वाढला की झीज दुप्पट. गाडी सपाट आहे की बसलेली, याची रस्ता विचारपूस करीत नाही.

बसविण्याच्या बारकाव्यांपैकी दोनतीनच सांगण्याजोगे आहेत. दोन्ही पिशव्यांना एकच नळी देऊ नये. वळणावर बाहेरची पिशवी दाबली जाते, तीतील हवा नळीवाटे आतल्या पिशवीत जाते आणि गाडी अधिकच कलते. नळ्या स्वतंत्र असल्या तर तीच पिशवी उलट कलणे रोखते. पिशवी धुराच्या नळकांड्याजवळ येत असेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा हवाच. सांगाड्याखाली जॅक लावून गाडी उचलताना आस खाली लोंबतो आणि पिशवी ताणून फाटू शकते, म्हणून जॅक आसाखाली लावावा. थंड हवेत दाब उतरतो हेही स्मरणात असावे : २० अंश सेल्सियसला भरलेले २२ पौंड उणे १० अंशांवर सुमारे १८ होतात.

दाब किती ठेवावा हे मात्र डोळ्यांनी ठरवू नये. गाडी प्रथम वजनकाट्यावर न्यावी. रिकामी असता, भार आणि ट्रेलर जोडून, आणि कांबी ताणल्यावर, अशा तीन वेळा पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलावा, आणि प्रत्येक वेळी चारही चाकांवरील मातरोधकाची जमिनीपासूनची उंची मोजून वजनाशेजारी लिहून ठेवावी. मागच्या आसाचे वजन पट्टीवरील मर्यादेच्या आत असेल तरच पिशव्यांत हवा भरावी, आणि तीही शेपूट रिकाम्या उंचीच्या दोनतीन सेंटिमीटर खाली राहील इतकीच. वजन मर्यादेबाहेर असेल, तर सामान उतरवावे किंवा मोठी गाडी घ्यावी.